रात्री तंबूबाहेर ऐकायचं कसं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: निसर्गाचे आवाज ऐकायला मिळतील म्हणून दोनदा तंबू ठोकून राहिलात, पण रात्रभर एकसुरी किर्र सोडली तर काही हाती लागलं नाही. दिवा मालवून आडवं झाल्यावर मात्र बाहेर जरा खुट्ट झालं की छातीत धडधड, आणि झोपेचं खोबरं. आता तिसऱ्यांदा जायचंय, तर रेकॉर्डर घ्यावा की आवाज ओळखणारं अ‍ॅप, असं विचारलंय. शिवाय शेवटी एक शंका आहे: अगदी सामसूम झाल्यावर कानात बारीक ‘ईं’ असा सूर येतो, तो किड्यांचा की कानाचा?

मी बरीच वर्षं रात्रीचे आवाज ध्वनिमुद्रित करतो आणि हौशी मंडळींना सोबत नेऊन ऐकायला बसवतो. ‘काहीच ऐकू येत नाही’ आणि ‘प्रत्येक आवाजाची भीती वाटते’ या तक्रारी नवख्यांकडून मला नेहमी जोडीनेच ऐकायला मिळतात, कारण दोन्हींचं मूळ एक आहे. ती किर्र तुम्ही ‘काही नाही’ या खात्यात टाकून मोकळे झालात. पण रात्रीचं ऐकणं सुरू होतं ते तिथूनच. ही पार्श्वभूमी एकदा कानात नीट बसली की तिच्यात पडणारा खंड, चढउतार, नव्याने मिसळलेला सूर आपोआप जाणवतो. ती बसलेलीच नसेल, तर प्रत्येक आवाज कुठूनतरी अचानक अंगावर आल्यासारखा वाटतो आणि माणूस दचकतो. म्हणून उपकरणांचं शेवटी बघू.

आधी एक कबुली, की तुम्हाला काय ऐकू येईल हे मी इथून सांगू शकत नाही. ऋतू, पाऊस होऊन गेला आहे की नाही, वारा, पाणी किती जवळ आहे, चांदणं आहे की अंधार, झाडं कोणती, या सगळ्यावर ते ठरतं. थंडीत आणि उंचावर किडे जवळजवळ गप्प असतात. पावसानंतरच्या उबदार रात्री बेडूक दुसऱ्या कोणालाही बोलू देत नाहीत. तुमच्या वयाचाही संबंध आहे. तरुण कान साधारण 20 हर्ट्झपासून 20 हजार हर्ट्झपर्यंत ऐकतो (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती कंपनं; आकडा मोठा तितका सूर बारीक), पण वय वाढतं तशी वरची पट्टी हळूहळू गळते. काही रातकिड्यांचा सूर 10 हजार हर्ट्झच्याही वर असतो. तो शेजारी बसलेल्या लहान मुलाला ऐकू येतो आणि आजोबांना येत नाही. त्यात कोणाचं लक्ष कमी पडतं असं नाही.

आता रात्रच का, ते. रात्री माणसांचा गोंगाट कमी होतो हे खरं, पण हवाही मदत करते. ध्वनीचा वेग उबदार हवेत जास्त असतो: 0 अंश सेल्सिअसला सेकंदाला सुमारे 331 मीटर, 20 अंशाला सुमारे 343. दिवसा जमिनीलगतची हवा तापलेली आणि वरची त्यामानाने थंड, त्यामुळे आवाज वर वळतो आणि दूरच्या माणसाच्या डोक्यावरून निघून जातो. निरभ्र, निवांत रात्री उलटं होतं. जमीन निवते, तिच्या लगतची हवा गार होते, वर उबदार थर राहतो आणि आवाज खाली वळून जमिनीलगत लांबवर जातो. दिवसा मुळीच न जाणवलेला दूरचा रस्ता किंवा कुत्र्याचं भुंकणं रात्री कानाशी आल्यासारखं वाटतं ते यामुळे. आवाज मोठा आला म्हणजे तो प्राणी जवळ आहे, हा हिशेब रात्री बऱ्याचदा चुकतो. तुमच्या धडधडीपैकी थोडी इथेच कमी व्हायला हरकत नाही.

जागेबद्दल माझं मत जरा लोकांच्या आवडीविरुद्ध आहे. खळाळत्या ओढ्याकाठी तंबू लावला की फोटो छान येतात, पण ऐकण्याच्या दृष्टीने ती जागा वाया जाते. वाहत्या पाण्याचा आवाज खालच्या पट्टीपासून वरच्या पट्टीपर्यंत सगळीकडे पसरलेला असतो आणि बारीकसारीक सगळं गिळून टाकतो. (अचानक पाणी वाढण्याचा धोका आहेच, तो वेगळा.) तंबू कुठेही असू द्या, ऐकायला बसताना ओढ्यापासून लांब, शक्य झाल्यास एखाद्या उंचवट्याच्या आडोशाला जा. रान आणि मोकळं माळरान जिथे मिळतात ती कड मला सगळ्यात आवडते, कारण दोन्हीकडचे रहिवासी ऐकू येतात. साचलेलं पाणी मात्र जवळ हवं. डबकं, तळं, पाणथळ जागा म्हणजे बेडूक, आणि बेडूक म्हणजे भरगच्च रात्र.

आणि कृपा करून तंबूत पडल्या पडल्या ऐकू नका. इतर सगळं विसरलात तरी एवढं लक्षात ठेवा. तंबूचं कापड आवाज अडवत नाही, पण स्वतःचे भरपूर आवाज करतं. एक वाळकं पान वर पडलं तरी कोणी थाप मारल्यासारखं वाटतं. ढिला दोर वाऱ्यावर फडफडतो. स्लीपिंग बॅगची सरसर कानाला चिकटलेली असते, उशीवर टेकलेल्या कानात स्वतःची नाडी ऐकू येते. पाऊस थांबल्यावरही झाडांवरून थेंब गळत राहतात आणि आत पडलेल्या माणसाला वाटतं, पाऊस सुरूच आहे. शिवाय दिसत काहीच नाही. म्हणजे माहिती सगळ्यात कमी आणि गोंधळ सगळ्यात जास्त अशा जागी पडून आपण अंदाज बांधत असतो. ऐकायचं ते बाहेर बसून, ठरवून, जागेपणी. तास-दीड तास ऐका, मग कार्यक्रम संपला असं स्वतःला सांगा आणि झोपायला जा. झोपताना इअरप्लग घातले तरी त्यात कमीपणा काही नाही. मी स्वतः कधीकधी घालतो. फक्त त्या जागी रात्री सावध राहण्याची गरज असेल, तर सगळ्यांनी एकदम घालू नयेत.

बसायचं कसं? सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने सुरुवात करा. शेकोटी करण्याची परवानगी असली तरी ऐकण्याच्या वेळी ती नको, तिची तडतड सगळ्यात आधी कानात शिरते. टॉर्च बंद. उजेडाकडे किडे येतात, किड्यांमागे वटवाघळं, आणि तुम्ही ऐकताय ती रात्र तुम्हीच बदललेली असते. नायलॉनचं जॅकेट असेल तर त्यावर लोकरीचं किंवा सुती काहीतरी घाला, नाहीतर प्रत्येक हालचालीला खरखर होईल. टोपी कानांवरून वर घ्या. तोंड किंचित उघडं ठेवून श्वास घेतला की नाकाची घरघर थांबते. दिवसभर गाडीत मोठ्याने गाणी लावून आला असाल, तर कान काही तास खरोखरच बधिर झालेले असू शकतात. ती रात्र फारशी मनावर घेऊ नका.

पहिली दहा मिनिटं बहुधा कंटाळवाणी जातात. तुम्ही येऊन बसलात त्या हालचालीने आसपासचे किडे गप्प झालेले असतात. ते दुरून जवळ असे परत सुरू होतात, म्हणजे आधी लांबची किर्र, मग हळूहळू तुमच्या पायाजवळची. ही किर्र भरून येताना ऐकणं हाच पहिला धडा. या वेळात कोणत्याही आवाजाचं नाव शोधू नका. फक्त इतकं ठरवा: अखंड चालू असलेले आवाज किती आहेत? नवखा माणूस ‘एक’ म्हणतो. पाच मिनिटांनी तोच ‘तीन’ म्हणतो. एक सलग घुमणारा सूर, एक तुटक तुटक, एक अगदी वर पातळ.

ही फोड करायला रातकिडे स्वतःच मदत करतात. ध्वनिमुद्रणकार बर्नी क्राउस यांनी मांडलेली एक कल्पना अशी, की एकाच अधिवासातले प्राणी पट्टी आणि वेळ वाटून घेतात, म्हणजे एकमेकांचा आवाज झाकला जात नाही. ती अजून गृहीतकाच्या पातळीवरच आहे आणि सगळीकडे तंतोतंत लागू पडेल असं नाही, पण कानाला वाट दाखवायला फार उपयोगी. खालची पट्टी, मधली, वरची, असं एकेक धरून ऐकलं की गोधडीचे तुकडे सुटे दिसावेत तसे आवाज वेगळे होतात.

रातकिड्यांबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण ‘एकसुरी’ हा तुमचा शब्द मला टोचला. गातात ते बहुधा नर. एका पुढच्या पंखावरच्या दातेरी शिरेवर दुसऱ्या पंखाची कड घासून सूर काढतात आणि त्यांचे कान पुढच्या पायांवर, गुडघ्याच्या जरा खाली असतात. जमिनीवरच्या अनेक रातकिड्यांचा सूर 4 ते 5 हजार हर्ट्झच्या आसपास, जवळजवळ शुद्ध एकाच पट्टीतला असतो. असा सूर कुठून येतो हे माणसाला सापडत नाही, आणि त्याला कारण आहे. डावीउजवी बाजू आपण दोन रीतींनी ओळखतो. खालच्या पट्टीत आवाज एका कानाला आधी पोहोचतो, फरक जास्तीत जास्त सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी. वरच्या पट्टीत डोक्याची सावली पडते आणि एका कानाला आवाज कमी येतो. साधारण 2 ते 4 हजार हर्ट्झच्या मधल्या पट्ट्यात दोन्ही खुणा कच्च्या पडतात, आणि रातकिडा या पट्ट्याच्या वरच्या कडेला बसलेला असतो. त्यात सूर एकाच पट्टीचा असला की समोरून की मागून हेही कळेनासं होतं. उपाय सोपा आहे. मान सावकाश डावीकडून उजवीकडे फिरवा. मग तळहातांची ओंजळ कानांमागे धरून पुन्हा फिरवा. ज्या दिशेला सूर एकदम धारदार होतो तिकडे किडा. दोघं थोड्या अंतरावर बसून एकाच वेळी बोट दाखवलंत, तर दोन बोटांच्या रेषा जिथे मिळतात तिथपर्यंत जाता येतं. मुलांना हा खेळ भलता आवडतो.

आणखी एक गंमत. किड्यांचं शरीर हवेइतकंच गार किंवा उबदार असतं, त्यामुळे गारवा वाढला की त्यांची लय मंदावते. अमेरिकी शास्त्रज्ञ एमॉस डॉल्बेअर यांनी 1897 मध्ये या लयीवरून तापमान काढण्याचं सूत्र मांडलं. सेल्सिअससाठी त्याचं सोपं रूप असं: 25 सेकंदांतले ‘किर’ मोजा, 3 ने भागा, 4 मिळवा. हे जमतं ते उत्तर अमेरिकेतल्या एका झाडावरच्या रातकिड्याच्या बाबतीत. तुमच्याकडच्या किड्याला ते जसंच्या तसं लावू नका, आणि सलग घुमणाऱ्या किड्यात तर मोजायला काही सुटं सापडतच नाही. पण तुटक किर काढणारा एक किडा धरून संध्याकाळी आठला आणि रात्री अकराला मोजून बघा. आकडे कमी झालेले दिसले की ‘एकसुरी’ हा शब्द तुम्ही स्वतःच मागे घ्याल.

बेडकांकडून वेगळं शिकायला मिळतं. जवळजवळ बसलेले नर अनेकदा आळीपाळीने ओरडतात, एकाच्या दोन हाकांच्या मधल्या फटीत दुसरा. दोघांना वेगळं करता आलं की कान तयार होतोय असं समजा. तुम्ही तळ्याकडे चालत गेलात की ते गप्प होतात, निश्चल उभे राहिलात की काही मिनिटांत एखादा धीट बेडूक सुरू करतो आणि मग बाकीचे. म्हणून दूर बसलेलं असताना तळ्याची एकच बाजू अचानक शांत झाली, तर तिथे काहीतरी आलंय. आवाज झाला नाही हीच बातमी.

घुबडाचंही असंच. त्याच्या पंखांची पुढची कड कंगव्यासारखी, मागची झालरीची आणि पृष्ठभाग मखमली असतो, त्यामुळे उडताना ते ऐकूच येत नाही. गव्हाणी घुबड तर पूर्ण काळोखात नुसत्या कानांच्या आधारे उंदीर धरू शकतं. त्याचे दोन कान वरखाली बसलेले असल्याने आवाजाची उंचीही त्याला कळते. त्याची शिकार तुम्हाला ऐकू येईल ती अशी: पाचोळ्यातली बारीक खसफस चालू होती, ती मधेच थांबली. मोठ्या घुबडांचा घूत्कार मात्र खालच्या पट्टीतला, तो पानांमधून फारसा विखुरत नाही आणि लांब जातो. वरच्या पट्टीचे सूर पानं आणि हवा दोन्ही लवकर खातात. म्हणून बारीक, तीक्ष्ण, स्पष्ट सूर म्हणजे जवळचा आणि कडा बोथट झालेला सूर म्हणजे लांबचा, हा अंदाज नुसत्या मोठेपणापेक्षा भरवशाचा.

आता भीतीकडे येतो. नव्या जागी पहिल्या रात्री झोप कच्ची लागते, यात तुमच्या मनाचा दुबळेपणा नाही. ब्राउन विद्यापीठातल्या संशोधकांनी 2016 मध्ये दाखवलं, की अनोळखी जागी पहिल्या रात्री गाढ झोपेतही मेंदूचा डावा अर्धा भाग उजव्यापेक्षा जास्त सावध राहतो आणि अनोळखी आवाजाला लवकर प्रतिसाद देतो. शक्य असेल तर एकाच जागी दोन रात्री राहा. दुसरी रात्र बहुतेकांना पुष्कळ बरी जाते.

उरलेली भीती पाचोळ्याची. कोरड्या पाचोळ्यात उंदीर फिरला तरी डुकराएवढा वाटतो. इथे आकाराऐवजी लय ऐका. लहान प्राणी झटक्यात पळतो, थांबतो, परत पळतो: खसखस, गप्प, खसखस. भेक, म्हणजे खरखरीत कातडीचा बेडूक, थोड्या थोड्या वेळाने एकेक उडी मारतो. मोठ्या प्राण्याची पावलं संथ, एकसारखी पडतात आणि मधेच जाड काटकी मोडते. त्याला वजन लागतं. वारा असेल तर तो आधी दूरच्या झाडांत ऐकू येतो, मग जवळच्या, मग तुमच्या तंबूवर. एखादं हरीण एकाच जागेवरून भुंकल्यासारखं पुन्हा पुन्हा ओरडत असेल, तर त्याला काहीतरी दिसलंय किंवा वास आलाय. बऱ्याचदा ते ‘काहीतरी’ म्हणजे तुम्हीच असता.

एक गोष्ट मात्र ठामपणे सांगतो. कानांवर सुरक्षिततेचा भार टाकू नका. ज्यांच्याकडून खरा धोका असतो त्यांतले काही प्राणी पाऊल न वाजवता चालू शकतात. सापाची चाहूल क्वचितच लागते. तिथे कोणते प्राणी आहेत, रात्री तंबूबाहेर बसायला मुभा आहे का, अन्न कसं ठेवायचं, हे तिथल्या वनकर्मचाऱ्यांना आधीच विचारा आणि ते सांगतील तसं करा. मोठ्या श्वापदांच्या भागात अंधारात एकट्याने मुकाट बसण्याचा माझा सल्ला लागू नाही. तिथे सोबत हवी, आणि बसायची जागा त्यांनी दाखवलेली हवी. खाण्याचा वास तंबूत नसेल तर रात्रीच्या खुडबुडीपैकी बरीचशी आपोआप कमी होते.

कानातल्या ‘ईं’चं उत्तर: दोन्ही कान बोटांनी घट्ट बंद करा. सूर गेला किंवा बारीक झाला तर तो बाहेरचा, तसाच राहिला किंवा वाढला तर तुमचा. असा सूर ऐकू येणारे तुम्ही एकटे नाही. 1953 मध्ये हेलर आणि बर्गमन यांनी ऐकण्याची काही तक्रार नसलेल्या 80 प्रौढांना आवाजबंद खोलीत बसवलं, तेव्हा त्यांपैकी 94 टक्के लोकांनी काही ना काही आवाज ऐकल्याचं सांगितलं. हा सूर घरी गजबजाटातही ऐकू येत असेल, एकाच कानात असेल किंवा अलीकडेच सुरू झाला असेल, तर कानाच्या डॉक्टरांना दाखवा.

राहिली उपकरणं. पहिल्या दोन रात्री काहीच घेऊ नका, असं माझं मत आहे. अ‍ॅप हातात असलं की डोळे पडद्यावर जातात, अंधाराला सरावलेली नजर जाते आणि नाव मिळालं की माणूस ऐकणं सोडतो. शिवाय कॉर्नेल पक्षीविज्ञान प्रयोगशाळेचं मर्लिन झालं तरी ते पक्ष्यांचे आवाज ओळखतं, किड्याबेडकांपुढे त्याचा इलाज नाही. त्याची खरी वेळ पहाटेची. सूर्योदयाच्या तासभर आधीपासून पक्षी सुरू करतात, तेव्हा ते खुशाल काढा. रात्रीसाठी तीन-चार आवाजांची वर्णनं वहीत स्वतःच्या शब्दांत लिहा: ‘लाकडावर टकटक, सेकंदाला दोन, थांबत नाही’. घरी येऊन नाव शोधायला एवढं पुरतं.

पुढे रेकॉर्डर घ्यावासा वाटला तर हरकत नाही. घेताना केसाळ वारारोधक कव्हर मिळतंय का ते आधी बघा, कारण नुसती झुळूकसुद्धा मायक्रोफोनमध्ये गडगडाटासारखी येते. 48 किलोहर्ट्झवर (म्हणजे सेकंदाला आवाजाचे 48 हजार नमुने), न दाबलेल्या फाइलमध्ये मुद्रण करा. त्यात या आकड्याच्या निम्म्यापर्यंतचे, म्हणजे 24 हजार हर्ट्झपर्यंतचे सूर येतात, म्हणजे तुमच्या कानाला पुरून उरतील इतके. वटवाघळांचे बहुतेक प्रतिध्वनी-सूर त्याहून वर असतात, त्यासाठी वेगळं यंत्र लागतं. फोनवर मुद्रण करणार असाल तर आवाज ‘स्वच्छ’ करणारी सोय बंद करा. ती माणसाच्या बोलण्यासाठी असते, रातकिड्यांना गोंगाट समजून पुसून टाकते. यंत्र तिपाईवर लावून आपण लांब जाऊन बसा, म्हणजे तुमचं खोकणं त्यात येणार नाही. शेवटी तारीख, वेळ, जागा, हवा एवढं तोंडाने बोलून ठेवा, महिन्याभराने तेवढाच आधार असतो. आणि मुद्रित केलेला किंवा इंटरनेटवरून उतरवलेला पक्ष्याचा आवाज तिथे वाजवून त्याला जवळ बोलावू नका. त्याला वाटतं, हद्दीत दुसरा नर घुसलाय. तो खाणं किंवा अंडी सोडून भांडायला येतो, आणि बऱ्याच अभयारण्यांत याला मनाईही असते.